किती झाले की ओलं?

मागच्या मे महिन्यात वर्ध्याला भावाकडे गेले होते. दुपारची लाइट गेलेली, कूलर बंद, आणि खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांना जेवढी ओल उरली होती तेवढाच काय तो गारवा. भाची नुकतीच आठवी संपवून मोकळी झाली होती. जुनी पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या मुलाला द्यायची म्हणून ती खोक्यात भरत होती, आणि भरता भरता, आपण सगळेच करतो तसं, एक पुस्तक उघडून वाचत बसली. सामान्य विज्ञान. ‘रासायनिक बदल व रासायनिक बंध’ हा धडा. मी माठातून तांब्याभर पाणी घेऊन भिंतीला टेकून पीत होते. तिने पुस्तक माझ्यासमोर धरलं, पाण्याच्या रेणूवर बोट ठेवलं आणि विचारलं, “आत्या, हा एक रेणू ओला असतो का गं?”

“नाही,” मी म्हटलं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे घरातल्या अशा प्रश्नांचा ठेका माझ्याकडेच असतो.

“मग दोन?”

“दोनसुद्धा नाही.”

“मग किती झाले की ओलं?”

तेवढ्यात लाइट आली, कूलर घरघरायला लागला, वाळ्याचा वास घेऊन पहिला झोत अंगावर आला आणि ती पुस्तक खोक्यात टाकून टीव्हीकडे पळाली. मुलांचं हे बरं असतं, प्रश्न आपल्या गळ्यात बांधून ती मोकळी होतात. मला मात्र तो ‘किती’ टोचत राहिला. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. एकट्या रेणूला ना ओलावा, ना पृष्ठभाग, ना उकळणं, ना गोठणं. पण ‘नाही’पासून ‘हो’पर्यंत जाताना वाटेत कुठेतरी एक आकडा लागलाच पाहिजे असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात मला खोट सापडत नव्हती.

त्याच रात्री सेवाग्राम एक्स्प्रेसने परत निघाले. बडनेऱ्याला गाडी थांबली की मला अजूनही उतरावंसं वाटतं. इथून अमरावती हाकेच्या अंतरावर, आणि अमरावतीत माझं कॉलेज. तिथल्या प्रयोगशाळेत अमोनियाचा कायमचा वास, ओट्यांवर आम्लाचे चट्टे, आणि एका काचेच्या कपाटात रेणूंच्या प्रतिकृतींचा डबा. काळा कार्बन चार भोकांचा, लाल ऑक्सिजन दोन भोकांचा, पांढरा हायड्रोजन एका भोकाचा. काड्या खुपसायच्या आणि जोडत जायचं. पाणी सगळ्यात सोपं म्हणून आधी सगळे पाणी करायचे. मला तेव्हाच खटकलं होतं की लाल गोळ्याची भोकं समोरासमोर का नाहीत. दोन पांढरे गोळे सरळ रेषेत बसायचेच नाहीत, वाकडेच बसायचे. कोन १०४.५ अंश, परीक्षेत हमखास विचारतात म्हणून पाठ केलेला.

खरी गोष्ट त्या डब्यात नव्हतीच. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन. त्यातले दोन दोन्ही हायड्रोजनबरोबरच्या भागीदारीत जातात, तोच तो सहसंयुज बंध. उरलेले चार, म्हणजे दोन जोड्या, कुणाशीच बांधलेल्या नसतात. पण नुसत्या बसून राहत नाहीत, जागा अडवतात. बंधाच्या दोन आणि बिनबंधाच्या दोन अशा चार जोड्यांनी एकमेकींपासून शक्य तितकं दूर राहायचं ठरवलं, तर मधला कोन १०९.५ अंशांचा होतो. मोकळ्या जोड्या जरा जास्त ऐसपैस पसरतात, म्हणून हायड्रोजनना थोडं जवळ सरकावं लागतं आणि ते १०४.५ वर येतात. प्रतिकृतीत या जोड्यांसाठी भोकं नव्हती. जे जुळलं त्यासाठी काडी होती, जे जुळलं नाही त्यासाठी काहीच नव्हतं. आणि पाण्याचं सगळं पाणीपण नेमकं त्या न जुळलेल्या जोड्यांवर उभं आहे.

ते असं. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनचा मोठा हावरा. भागीदारीतले इलेक्ट्रॉनही तो स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजनची बाजू किंचित धन आणि ऑक्सिजनची किंचित ऋण होते. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना पुसून गेली असती. कार्बन डायऑक्साइडचं तसंच होतं: सरळ रेणू, ओढ शून्य, आणि आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला तो द्रव होतच नाही, गोठलेला असला तर थेट वायू होतो. पाण्याचा रेणू वाकडा, म्हणून त्याला पुढची बाजू आणि मागची बाजू आहे. एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या मोकळ्या जोडीकडे ओढला जातो. दोन हायड्रोजन द्यायला, दोन जोड्या घ्यायला, म्हणजे एकेका रेणूला चार शेजारी धरता येतात. हा हायड्रोजन बंध. ताकदीने अगदीच किरकोळ, आतल्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका.

या किरकोळीची किंमत काढायची तर आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खालच्या घरातलं गंधक बघावं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू आकाराने तसाच, वाकडा, आणि पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. जड रेणूने उशिरा उकळावं असा सर्वसाधारण नियम. पण गंधकाला इलेक्ट्रॉनची तेवढी हाव नाही, म्हणून त्याची शेजाऱ्यावरची पकड ढिली, आणि तो उणे ६० अंशांनाच उकळून जातो. आपल्याला तो फक्त वायू म्हणून माहीत, नासक्या अंड्याच्या वासाचा. त्या हिशेबाने पाणी उणे ८०च्या आसपास उकळायला हवं होतं. म्हणजे बडनेरा नाही, अमरावती नाही, वर्धा हे नदीचं नाव नाही, आणि प्रश्न विचारणारी भाचीही नाही.

हे सगळं आता शाळा-कॉलेजच्या पुस्तकात चार ओळींत येतं, पण माणसांना ते सुचायला वेळ लागला. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये इलेक्ट्रॉनच्या जोडीची भागीदारी मांडली, आठवीच्या पुस्तकातलं चित्र तिथून आलं. हायड्रोजन एकाच वेळी दोन अणूंना सांधू शकतो ही कल्पना त्यांच्याच विभागातल्या एका विद्यार्थ्याला, मॉरिस हगिन्सला, सुचली होती, पण ती छापली गेली नव्हती. १९२० मध्ये त्याच विभागातल्या वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश यांनी पाण्याच्या संदर्भात ती छापली. श्रेय कुणाचं यावर नंतर कुरबुर झाली, ती व्हायचीच. मला त्यापुढची गोष्ट जास्त आवडते. जॉन बर्नाल आणि राल्फ फाउलर हे केंब्रिजचे दोन शास्त्रज्ञ १९३२ साली मॉस्कोच्या विमानतळावर धुक्यामुळे अडकून पडले. वेळ जाईना, म्हणून पाण्याबद्दल बोलत बसले, आणि विमान सुटेपर्यंत द्रव पाण्याच्या रचनेचा पहिला नीट आराखडा तयार झाला, असं सांगतात. १९३३ मध्ये तो शोधनिबंध म्हणून आला. पाण्यानेच वाट अडवून त्यांच्याकडून हे काढून घेतलं, असं म्हणायचा मोह होतो. धुकं म्हणजे पाण्याचे थेंबच की.

आराखड्यात एक गोष्ट मात्र कागदावर दाखवता येत नाही, ती म्हणजे वेळ. द्रव पाण्यातला एक हायड्रोजन बंध टिकतो सुमारे एक पिकोसेकंद. एका सेकंदात असे एक लाख कोटी पिकोसेकंद मावतात. लाख कोटी हा आकडा मी फक्त अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकलेला आहे, आणि तिथेही तो डोक्यावरून जातो. वारीत फुगडी चालते तशी ही तऱ्हा आहे: हात धरायचे, गिरकी घ्यायची, सोडायचे, पुढच्या माउलीचे धरायचे, कोण कुणाची याचा हिशेब नाही, पण फुगडी थांबलेली नाही. उपमा इथवरच चालते, कारण पाण्याच्या रेणूला हात चार आणि त्यातले कुठल्याही क्षणी गुंतलेले सरासरी साडेतीन. साडेतीन! मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि तांब्यातल्या पाण्याच्या गाठीही साडेतीन. याला काही अर्थ नाही, पण त्या रात्री वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मला त्याचं फार हसू आलं.

बर्फात मात्र सगळे चारही हात गुंततात, आणि सुटत नाहीत.

सकाळी घाट उतरल्यावर हवा बदलली. इगतपुरीला घेतलेली थंड पाण्याची बाटली कल्याण येईपर्यंत बाहेरून धुरकट झाली होती. आधी नुसता पांढुरका श्वास टाकल्यासारखा थर, मग बारीक ठिपके, मग ठिपक्यांचे थेंब, आणि मग एक थेंब दुसऱ्याला गिळत खाली ओघळला. काही क्षणांपूर्वी हे रेणू डब्याच्या हवेत सुटे फिरत होते, माझ्या श्वासातलेही काही असतील. सुटे होते तेव्हा कोरडे होते. प्लॅस्टिकवर भेटले आणि माझी बोटं ओली झाली. भाचीचा ‘किती’ माझ्या डोळ्यांसमोरच कधीतरी घडून गेला होता आणि तो मला दिसला नव्हता.

घरी आल्यावर शोधायला लागले. बँकेतली नोकरी करून संध्याकाळी पाण्याचे रेणू मोजणं हा छंद कुणाला सांगण्यासारखा नाही, पण मोजणारे आहेत. पाण्याची वाफ अतिशय थंड, विरळ झोतात सोडतात आणि दोन-दोन, तीन-तीन रेणूंचे जमलेले पुंजके एकेक करून तपासतात. दोन रेणू एकाच गाठीने लोंबकळतात. तीन जमले की कडं करतात. चार आणि पाचांचंही कडंच, जवळपास सपाट. सहावा आला की मात्र त्यांना सपाट राहणं परवडत नाही, ते उभे राहतात: कधी पिंजऱ्यासारखे, कधी लोलकासारखे, कधी उघड्या पुस्तकासारखे. हे तिन्ही आकार २०१२ मध्ये एकाच प्रयोगात ओळखले गेले, आणि सहाचा तो पिंजरा पाण्याचा सगळ्यात लहान थेंब म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी जर्मनीत गटिंगनच्या संशोधकांनी उलटा प्रश्न सोडवला: किती रेणू जमले की बर्फाच्या स्फटिकाची पहिली खूण दिसते? उत्तर आलं, सुमारे २७५.

भाचीला लगेच फोन केला. “सहा,” मी म्हटलं. तिला आधी आठवावंच लागलं की कशाचे सहा. मग म्हणाली, “म्हणजे सहा झाले की ओलं?” मी म्हटलं, ओलं नाही, सहा झाले की थेंबासारखं. “मग ओलं कधी?” आता मला अळूचं पान आठवलं. आईच्या परसात सांडपाण्याच्या वाटेवर अळू आहे. पाऊस पडून गेला की पानाच्या मध्यात टपोरा थेंब पाऱ्यासारखा डुलत असतो, पान तिरकं केलं की घरंगळत जातो आणि मागे पान कोरडं ठक्क. त्या एका थेंबात सहा नाही, एकावर एकवीस शून्यं इतके रेणू असतात, आणि तरीही काही ओलं होत नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या आणि आपल्या अळूच्याही पानाचा हा कोरडेपणा सविस्तर मांडला: पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचे कण, थेंबाला टेकायला जागाच नाही. मेणाला धरण्यापेक्षा पाण्याला एकमेकांना धरणं बरं वाटतं. कापूस असता, हाताची कातडी असती, काच असती, तर तोच थेंब पसरला असता, कारण तिथे धरण्यासारखं काहीतरी मिळतं. म्हणजे ओलं होणं हे नुसत्या पाण्याच्या हाती नाही, समोरच्यावरही आहे. भाचीला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. “म्हणजे आकडा नाहीच,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तेच होतं जे मला गाडीत वाटलं होतं, फसवणूक झाल्यासारखं.

तिला सांगितलं नाही, पण मुळात या हायड्रोजन बंधाची व्याख्या काय करावी यावरही मोठ्या माणसांचं बराच काळ एकमत नव्हतं. शेवटी रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नव्या व्याख्येसाठी गट नेमला, त्याचे प्रमुख होते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन, आणि २०११ मध्ये ती व्याख्या आली. लॅटिमर आणि रोडबुश यांच्या निबंधानंतर ९१ वर्षांनी.

मुंबईत घाम वाळत नाही. विदर्भातल्या माणसाला इथे आल्यावर पहिल्यांदा कळतं की उकाडा दोन प्रकारचा असतो. वर्ध्याला ४५ अंशांत डोकं फिरतं, पण ओला पंचा खांद्यावर टाकला की दहा मिनिटं स्वर्ग असतो. इथे ३३ अंशांत पंचा ओलाच राहतो आणि आपणही. वाऱ्यावर निघून जाणाऱ्या प्रत्येक रेणूला आपल्या साडेतीन गाठी सोडाव्या लागतात, आणि त्या सोडायला लागणारी उष्णता तो मागे राहिलेल्यांकडून घेऊन जातो. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात, उन्हाळ्याच्या दुपारच्या तापमानाला तर त्याहून थोड्या जास्तच. माठ, वाळा, कूलर, कपाळावरचा घाम, सगळी घरं याच उसनवारीवर चालतात. मुंबईच्या हवेत आधीच इतके रेणू भरलेले असतात की जितके निघतात जवळपास तितकेच परत येऊन बसतात. इथे आल्यावर हौसेने मी माठ आणला होता. पाणी थोडंसं गार व्हायचं, पण वर्ध्याच्या माठातलं, दात शिवशिवणारं नाही. आता त्यात मनीप्लँट आहे.

उष्णता घेऊन जाणारं पाणी मला ठाऊक होतं. उष्णता देणारं पाणी भेटलं निफाड तालुक्यात. नोकरीतली सुरुवातीची बदली तिथल्या एका शाखेत होती आणि पीककर्जाचं काम माझ्याकडे. डिसेंबरमध्ये सगळ्या गावाचा जीव पाऱ्यात अडकलेला असतो. थंडी फार उतरली की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, आणि एखाद्या वर्षी तर पानांवरचं दव गोठतं. एका बागायतदारांच्या घरी मुक्काम पडला होता. पहाटे चारला जाग आली ती मोटरच्या आवाजाने. बाहेर बांधाच्या कडेने शेकोट्या धुमसत होत्या, डोळे चुरचुरत होते, आणि एवढ्या कडाक्यात हा माणूस बागेला पाणी देत होता. मला वाटलं, थंडीत आणखी थंड कशाला करायचं? त्यांनी मला पाटाच्या पाण्यात हात घालायला लावला. विहिरीचं पाणी कोमट होतं, त्यावरून वाफ निघत होती. “पान्यात ऊब असती मॅडम,” ते म्हणाले, “ती बागेला द्यायची.”

अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता, हे शब्द माझ्याकडे होते आणि ऊब त्यांच्याकडे. पाणी तापवताना पुष्कळ उष्णता नुसती गाठी ढिल्या करण्यात जाते, म्हणून ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. साठवलेली ती ऊब पहाटे मुळांशी सुटते. पाणी गोठायलाच लागलं तर आणखी गंमत: गाठी पक्क्या बसताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी बाहेर पडतात. बर्फ होणारं पाणी आपल्या शेजाऱ्याला उष्णता देऊन बर्फ होतं. त्या सकाळी बांधावरच्या गवतावर बारीक पांढरी कणी दिसली. बोटाने उचलेपर्यंत ती विरघळली.

त्या कणीतही सगळं शिस्तीत नसतं, हे मला बऱ्याच नंतर कळलं. बर्फात ऑक्सिजन आपापल्या जागी पक्के, प्रत्येकाला चार शेजारी, पण दोन ऑक्सिजनच्या मधला हायड्रोजन या बाजूला झुकलेला की त्या, हे ठरलेलं नसतं. अट एकच: प्रत्येकाकडे दोन जवळचे आणि दोन लांबचे. ही अट पाळून किती तऱ्हांनी मांडणी होऊ शकते, याचं गणित लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये केलं. उत्तर इतकं साधं की संशय यावा: रेणूमागे दीड. म्हणजे बर्फ कितीही थंड केला तरी त्यात थोडा गोंधळ शिल्लक राहणार. बर्कलेत विल्यम जिओक आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुढच्याच वर्षी मोजून दाखवलं, आकडा जुळला. दहावीच्या धड्यात पाण्याच्या ‘असंगत आचरणा’पाशी होपचं उपकरण येतं, ४ अंश येतात, तरंगणारा बर्फ येतो. पॉलिंगचा दीड येत नाही. यायला हवा होता असं मला वाटतं, पण मी पुस्तक मंडळावर नाही.

इथवर आतल्या बंधाला मी पक्का धरून चालले होते. बाहेरच्या गाठी सुटोत-बांधोत, ऑक्सिजनचे दोन हायड्रोजन त्याचेच. तसंही नाही. एखाद्या रेणूवर जादा हायड्रोजन येऊन बसतो, तो आपला एक पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. विजेने पाण्याचं विघटन होताना असं काही हस्तांतर होत असावं, असं थिओडोर ग्रोथस यांनी १८०६ मध्येच सुचवलं होतं, तेव्हा पाण्याचं सूत्रसुद्धा नक्की नव्हतं. शुद्ध पाण्यात एका ऑक्सिजनपाशी एक हायड्रोजन टिकतो तो मिलिसेकंदाच्या घरात. पिकोसेकंदापुढे युगं आणि आपल्यापुढे काहीच नाही. साधं पाणी आणि जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो ते, एकत्र ओतलं की हे उघडं पडतं: दोन्हीपैकी एकेक हायड्रोजन असलेलं तिसरंच पाणी लगेच तयार होतं, निम्मं-निम्मं मिसळलं तर जवळपास अर्धे रेणू तसे असतात. निव्वळ जड पाणी पहिल्यांदा वेगळं केलं तेही लुईस यांनीच, १९३३ मध्ये. आपल्याकडे अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे, तिथेही अदलाबदलच कामाला लावलेली आहे, फक्त अमोनिया आणि हायड्रोजन वायू यांच्यातली.

त्यामुळे तुमच्या पेल्यातलं पाणी डायनोसॉरने प्यायलेलं आहे, हा जो संदेश मोबाइलवर वर्षातून दोनदा फिरतो, तो मला आता पटत नाही. अणू असतील. पण तो रेणू, ते दोन हायड्रोजन आणि तो एक ऑक्सिजन असं कुटुंब, डायनोसॉरच्या घशाखाली उतरेपर्यंतही टिकलं नसेल.

आणि इथे मला आमच्या देवघरातला गंगेचा गडू आठवतो. आजी-आजोबा काशीला जाऊन आले, मावंदं घातलं, तेव्हाचा तो. तांब्याचा, मुठीएवढा, तोंडाला डाक लावून बंद केलेला. देवांच्या खालच्या फळीवर लाल फडक्यात गुंडाळून असायचा. लहानपणी कुणी बघत नसलं की भाऊ आणि मी तो कानाशी धरून हलवायचो. आतून चुळुक असा आवाज यायचा, आणि तो आवाज आला की काहीतरी मोठं चुकीचं केल्याचा आनंद व्हायचा. आजोबा रस्त्यातच गेले, त्यांच्या वेळी गडू फोडायची वेळ आलीच नाही. आजीच्या वेळी बाबांनी तो फोडला. हात थरथरत होते, डाक निघेना, शेवटी पक्कड आणावी लागली. आतलं पाणी अर्ध्याहून कमी झालं होतं, त्याला तांब्याचा कडवट वास येत होता. तुळशीचं पान बुडवून त्यांनी आजीच्या ओठांवर ते टेकवलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हायड्रोजनची अदलाबदल नुकतीच शिकले होते. वाईट वाटायच्या वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. माझ्या डोक्यात आलं की हे ते पाणी नाही. घाटावर ज्या क्षणी भरलं, त्याच्या पुढच्या क्षणालाच ते उरलं नव्हतं. डाक लावणाऱ्याने पाणी कोंडलं, पण रेणू त्याला कोंडता आले नाहीत.

मी अर्थातच काही बोलले नाही. आज बोलले असते तर वेगळं बोलले असते. प्रवाहात होतं तेव्हाही ते असंच होतं, प्रत्येक क्षणी दुसरं. तेच पाणी म्हणून काही कधी नव्हतंच, ना गडूत, ना गंगेत. तरी आजीला हवं होतं ते तिला मिळालं की नाही, हे मला रसायनशास्त्रातून काढता येत नाही, आणि काढून दाखवणाऱ्यांचा मला रागही येतो, दोन्ही बाजूंच्या.

मध्यंतरी आईने विषय काढला. तिला तिच्यासाठी गडू हवाय. भाऊ म्हणाला, पोस्टात गंगाजल मिळतं, बाटलीत, मी आणून ठेवतो. आई चिडलीच. प्लॅस्टिकमधलं नको, तांब्याचा गडू हवा, आणि घट्ट बंद केलेला, “मागच्यासारखं अर्धं उडून जायला नको.” मी तिला म्हटलं, तांब्याच्या भिंतीतून पाणी जात नाही, डाकेला बारीकशी भेग राहिली असणार. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मग एवढं कळतं तर तूच नीट बघून आण.” शेजारचं कुटुंब कार्तिकात काशीला निघालंय. त्यांना सांगून ठेवलंय, पैसेही दिलेत. दुकानातच गडू उलटा धरून हलवून बघा आणि सांध्यावर बोट फिरवा, ओलं लागलं तर दुसरा घ्या, असं बजावलंय.